मेथी निवडायला लावणाऱ्या बाई

बाईंच्या खोलीत शिरलं की आधी मेथीचा वास यायचा. हॉस्पिटलात फिनेलचा वास असतो, स्पिरिटचा असतो. आमच्या हृदयरोग विभागात मात्र ईसीजीच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती आणि तिथं मेथी, गवार, घेवडा, ओल्या शेंगा, ज्याचा मोसम असेल त्याचा वास भरलेला असायचा. दारावर समुपदेशनाची पाटी होती. आत टेबल भिंतीला लावून टाकलेलं. मधे स्टुलावर एक परात, भोवती चार-पाच खुर्च्या, आणि खुर्च्यांवर झटका येऊन गेलेली, स्टेंट घातलेली, बायपास झालेली माणसं मान खाली घालून भाजी निवडत बसलेली. बहुतेक सगळे पुरुष. घरी ज्यांनी पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेतला नसेल असे.

मी त्या विभागात आहारतज्ज्ञ. डॉक्टर पेशंटला सांगायचे की तंबाखू बंद, तेल-मीठ कमी, रोज चालायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. मी तक्ता हातात द्यायचे. एवढं करून जी माणसं ऐकायची नाहीत त्यांना बाईंकडे पाठवायचं, अशी पद्धत होती. बाई मानसशास्त्राच्या. आधी कॉलेजात शिकवायच्या, ते सोडून इकडे आल्या होत्या.

त्या मला फार आवडायच्या असं नाही. आवाज मोठा. शेजारचा ईसीजी टेक्निशियन म्हणायचा, बाई हसल्या की माझ्या पेशंटचा ग्राफ हलतो. बाईंचं गाव नेसरीच्या बाजूचं, आई कानडी बोलणारी, त्यामुळे मला 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. मला ते नको वाटायचं, पण सांगायचं राहून गेलं. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी येतो', 'मी बसतो' असं पुरुषांसारखंच बोलायच्या, अगदी कॉन्फरन्समध्ये बाहेरचे डॉक्टर समोर बसलेले असतानासुद्धा. पेशंट हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. येईल तो पावणा.

भाजी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "हात मोकळं असलं की माणूस डॉक्टरला बरं वाटंल ते बोलतो. हातात काम असलं की खरं बोलतो."

दुसरंही एक कारण होतं, ते मला नंतर कळलं. बाईंना स्वयंपाक येत नव्हता. थोडाफार येत नव्हता असं नव्हे, अजिबात. एकट्या राहायच्या आणि गल्लीतल्या एका खानावळीत जेवायच्या. निवडलेली भाजी त्या खानावळवाल्या मावशींना नेऊन द्यायच्या आणि त्या मावशी ती जेवणाच्या पैशांत धरून घ्यायच्या. कुणी यावर बोट ठेवलंच तर म्हणायच्या, "मग काय झालं? पावण्याचं मन हलकं, मावशीचं काम हलकं."

विभागप्रमुखांना हे पसंत नव्हतं. तपासणीला बाहेरची माणसं येणार असली की परात टेबलाखाली सरकवायचा निरोप जायचा. बाई परात सरकवायच्या आणि आलेल्या माणसांच्या देखत ओढून बाहेर काढायच्या.

त्यांना लिफ्टची भीती होती. भीती आहे हे त्या सगळ्यांना सांगत सुटायच्या. बायपास झालेली माणसं जिना चढायला घाबरतात. टाके तुटतील, काळीज फुटेल असं त्यांना वाटत राहतं. फिजिओथेरपिस्ट समजावून दमायचा. मग बाई अशा माणसाला जिन्यापाशी घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, "मला लिफ्टचं भ्या वाटतंय, तुमाला जिन्याचं. आता काय करायचं? मला तर वर मीटिंग हाय." माणूस बिचारा पेचात पडायचा. मग दोघं हळूहळू जिना चढायचे, प्रत्येक वळणावर थांबून. वर पोचल्यावर बाईच जास्त धापा टाकत असायच्या.

'सोडा' हा शब्द मात्र त्यांच्या खोलीत चालायचा नाही. तंबाखू सोडा, मटण सोडा, चिडणं सोडा. कुणाच्या बायकोनं, मुलानं तो शब्द उच्चारला की बाई हात वर करायच्या. "सांगून माणूस शहाणा झाला असता तर बायकांनी हे जग कवाच शहाणं करून सोडलं असतं."

शाहूवाडीकडचे एक म्हशीवाले होते. झटक्यातून वाचले, पण चुना-तंबाखूची पुडी खिशातून हलेना. बरोबर बायको, मुलगा आणि सून. तिघंही एका वेळी बोलायची. बाईंनी म्हशीवाल्यांना गवारीच्या ढिगापुढं बसवलं आणि बाकीच्यांना माझ्या खोलीत आणलं.

"आजपासनं घरात कुणी तंबाखूचं नाव काढायचं न्हाय," बाई म्हणाल्या.

"म्हंजे खाऊ दे म्हणता?" बायको म्हणाली.

"तुमच्या बोलण्यानं थांबलंय काय?"

"न्हाय."

"मग बोलून का दमतासा?"

मला ते पटलं नाही. झटका येऊन महिना झालेला माणूस, त्याला मोकळा सोडायचा म्हणजे काय? मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, बघू या. त्यांचं हे 'बघू या' मला फार त्रास द्यायचं.

पुढच्या वेळी म्हशीवाले एकटेच आले, पहिल्या एसटीनं. चेहरा उतरलेला. बाईंच्या खोलीत मी गाठीभेटीच्या तारखा लावत होते. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "बाई, खरं सांगा. किती दिवस ऱ्हायल्यात माझं?"

"का वो?"

"घरात कुणी कायच बोलंना. पोरगं गप, सून गप. काल बायकोनं स्वतः पुडी आणून हातात दिली. मरणाऱ्या माणसाचं करत्यात तसं करालीत सगळी."

बाई हसल्या नाहीत. मला हसू आवरलं नाही, म्हणून मी खिडकीकडे वळले. बाईंनी परात पुढं ओढली. बराच वेळ दोघं शेंगा मोडत बसले. मग बाईंनी विचारलं, "घरच्यांचं ऱ्हाऊ दे. तुमाला सवताला काय वाटतंय तिचं, तंबाखूचं?"

त्यांनी हातातली शेंग मोडून परातीत टाकली. मग म्हणाले की लेकीची पोरगी मांडीवर येत नाही. येते आणि नाक धरून पळते. आजा वास मारतोय म्हणते.

हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, मलाही नाही, घरातही नाही. बाईंनी त्याचा मोठा गाजावाजा केला नाही. "व्हय काय," एवढंच म्हणाल्या आणि पुढचं विचारलं. त्यांची तंबाखू लगेच सुटली नाही. सुटली, यात्रेत पुन्हा लागली, पुन्हा सुटली. बाईंच्या लेखी ते सगळं सुटण्यातच जमा होतं.

सगळ्यांचं असं व्हायचं असंही नाही. एक बँकेतले अधिकारी होते. परात बघून उभेच राहिले. "मी इथं भाजी निवडायला आलेलो नाही," म्हणाले आणि गेले. बाईंनी त्यांना परत बोलावलं नाही. पुढं त्यांना दुसरा झटका आला. वाचले, पण बाईंकडे आले नाहीत. विभागप्रमुखांनी मीटिंगमध्ये तो विषय काढला, तेव्हा बाई म्हणाल्या, "माझं चुकलं. त्या माणसाला पेन द्यायला पायजे होतं, मी मेथी दिली." प्रमुखांना ही थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. त्यानंतर त्या खोलीत शब्दकोडी आली, कुणी आणलेला विणायचा दोरा आला. पण मेथी कायम राहिली.

बाईंचं नाव निघालं की मला आचारीचाचा आठवतात. चाचा मटणाच्या जेवणावळी करायचे. जावळ, यात्रा, वास्तुशांत. हंगामात त्यांची तारीख मिळावी म्हणून लोक आधी त्यांना विचारायचे आणि मग कार्याचा दिवस धरायचे. अशाच एका जेवणात, हंड्याशेजारी उभे असताना, त्यांच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट घातले. घरी गेले आणि त्यानंतर त्यांनी सगळं ऐकलं. अक्षरशः सगळं. काम बंद केलं. मी दिलेल्या तक्त्याबाहेर घास घेतला नाही. वजन उतरलं, रक्तदाब उतरला. दर तपासणीला वेळेवर हजर. मी मीटिंगमध्ये त्यांचं उदाहरण दिलं की असे पेशंट मिळाले तर आपलं काम किती सोपं होईल.

मीटिंग संपल्यावर बाई माझ्याबरोबर जिना उतरल्या. "तंगी, ह्या माणसाला भूक लागती काय?"

"कधी तक्रार केली नाही त्यांनी."

"तेच म्हणतोय मी. आचारी माणूस. बिनमिठाचं खातोय आणि एका शब्दानं शिव्या देत न्हाय?"

चाचांना बाईंकडे पाठवायचं कारणच नव्हतं. जे ऐकायचे नाहीत ते बाईंचे, अशी वाटणी होती. बाईंनी त्यांना व्हरांड्यातूनच धरून आणलं. बायको बरोबर होती. दोघं बसले. इतर तीन-चार माणसं मेथी निवडत होती. चाचांच्या पुढंही एक जुडी ठेवली होती. ते तिच्याकडे बघत होते. जन्मभर हेच केलेले हात मांडीवर तसेच पडून होते.

बाईंनी बाकीच्यांना चहाला पाठवलं. मीही उठले, तर त्यांनी चाचांना विचारलं, "ह्या बसल्या तर चालंल न्हवं?" चाचांनी मान हलवली. मग बाईंनी बायकोला विचारलं की घरी दिवसभर काय करतात.

"काय बी न्हाय. त्रास देत न्हाईत कसला," बायको म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून पडत्यात. परवा पुतण्याला बोलावून सगळी भांडी देऊन टाकली. हंडे, पळ्या, झारे, सगळं."

"विकली?"

"न्हाय. दिली."

बाईंनी खुर्ची चाचांच्या समोर ओढली. आवाज नेहमीचा नव्हता. "पावणं, विश्रांती घेणारा माणूस भांडी वाटत न्हाय. मी सरळ विचारतो. मरायचं मनात येतंय काय?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, असं कुणी विचारतं का? चाचांनी पहिल्यांदा मान वर केली. "मरायचं असं न्हाय, बाई. पण सकाळी उठायचं कशासाठी ते कळंना झालंय."

त्याच दुपारी बाई त्यांना हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. मला म्हणाल्या, "बोलून सगळं होत न्हाय. गोळी लागती तिथं गोळीच लागती." भाजीवाल्या बाईंकडून हे ऐकायची मला अपेक्षा नव्हती.

गोळ्यांचा गुण यायला वेळ लागला. मधल्या काळात चाचा यायचे, बसायचे, जायचे. एकदा बाईंनी घरून डबा आणला. स्वतः केलेली आमटी. चमचाभर चाचांच्या पुढं धरली. "बघा की, काय चुकलंय."

चाचांनी ती जिभेवर घेतली आणि तोंड वाकडं केलं. "कुणी केली?"

"मी."

"अजून कुणाला घातली न्हाईसा न्हवं?"

इतक्या आठवड्यांत त्यांनी आपण होऊन बोललेलं हे पहिलं वाक्य. टेक्निशियन दारात होता, तो हसला, मग बायको हसली. बाई रागावल्यासारखं करून म्हणाल्या, "मग शिकवा."

पुढचे कित्येक दिवस बाई डबे आणत राहिल्या. चाचा सांगायचे, बाई घरी जाऊन करायच्या आणि काहीतरी भलतंच घेऊन यायच्या. मुद्दाम बिघडवत असाव्यात असा मला संशय होता. तसं नव्हतं. शेवटी चाचा वैतागले. "तोंडानं सांगून तुमाला जमायचं न्हाय. घरी या."

मीही गेले, कारण मीठ किती पडतंय ते मला बघायचं होतं. गॅसवर पातेलं होतं. चाचा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले. फोडणीचा धूर वर आला तसा त्यांचा हात छातीवर गेला. कपाळाला घाम. "असाच धूर हुता," ते म्हणाले. "हंड्याचा. तवाच आलतं."

बायको गॅस बंद करायला धावली. बाईंनी तिला थांबवलं. "डॉक्टरांनी परवा मशीनवर पळवून बघितलंय ह्यांना. काळीज चांगलं चाललंय." मग चाचांना म्हणाल्या, "भ्या वाटतंय न्हवं? वाटू दे. त्यो हात तिथंच ठेवा. दुसऱ्या हातानं हलवा."

चाचांनी डावा हात छातीवर ठेवून उजव्या हातानं पळी हलवली. आमटी उतरेपर्यंत डावा हात तिथंच होता. जेवायला बसलो तेव्हा मात्र तो कुठं होता, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

हळूहळू ते कामावर परत गेले. विभागप्रमुख तयार नव्हते. बऱ्याच वादानंतर अटी ठरल्या. उचलायचं काम पुतण्याचं, चाचांनी खुर्चीत बसून सांगायचं, चव बघायला थेंबभर आणि जेवण घरच्या डब्यातलं. चाचा अटी पाळायचे. नेहमी नाही. पुतण्यानं भांडी परत आणून दिली.

दोन-तीन महिन्यांनी चाचांची बायको तणतणत बाईंकडे आली. "काय करून ठेवलासा हे? गप होतं माणूस. आता पुन्यांदा आरडाओरडा सुरू केलाय. काल कांदा जाड चिरला म्हणून ताट ढकललं."

मला वाटलं, बाई खूश होणार. त्या खूश झाल्या नाहीत. "हे बराबर न्हाय," म्हणाल्या. "रागानं बी झटका येतोय." आणि त्यांनी चाचांना बोलावून रागाचं काम नव्यानं सुरू केलं. आधी दम मोजायचा, मग बोलायचं. चाचांना ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. पण ताट पुन्हा ढकललं गेलं नाही, असं बायको सांगायची.

बाई आता हॉस्पिटलात नाहीत, गावी असतात. खोलीत नवीन मशीन आलंय. पण पुढं सांगते ते झालं तेव्हा त्या होत्या.

चाचा गेले ते अशाच एका जावळाच्या जेवणात. कामाला लागून तीन हंगाम झाले होते. दुपारची शेवटची पंगत उठली होती, खुर्चीत बसून पुतण्याशी बोलत होते आणि बोलता बोलता मान कलंडली. आमच्याकडे आणेपर्यंत काही उरलं नव्हतं. मीटिंगमध्ये विभागप्रमुख म्हणाले की हे घरी बसूनही होऊ शकलं असतं.

चार-पाच दिवसांनी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. बायको आतल्या खोलीत बसली होती. आसपास दोन-तीन नातेवाईक बायका. बाईंना बघून ती रडली नाही. म्हणाली, "घरी बसले असते तर असते की वो अजून. गप असते, पण असते."

आलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, असं बोलू नये, अल्लाची मर्जी. बाईंनी तिला हातानं थांबवलं.

"बोलू दे," बाई म्हणाल्या. मग बायकोकडे वळून, "रागवा माझ्यावर. मी बसतो."

आणि ती रागावली. आधी हळू, मग आवाज चढवून. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? डबे घेऊन कशाला आलासा? डॉक्टर नको म्हणत होते तर तुम्ही कोण? ज्या बाईला आमटी येत न्हाय तिनं माझ्या नवऱ्याला चुलीपाशी उभं केलं. मध्येच तिनं चाचांनाही चार शब्द सुनावले, पुतण्यालाही, आणि एकदा माझ्या तक्त्यालाही. बाई मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी एकदाही आपली बाजू सांगितली नाही. मी मनात ती सांगत होते. मशीनवरची तपासणी, ठरलेल्या अटी, भिंतीकडं तोंड करून पडलेला तो माणूस.

बऱ्याच वेळानं बायको थांबली. घसा बसला होता. मग साध्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी दुपारी फोन केलता. आज रस्सा जमलाय म्हणाले. कवा मला फोन करून असं सांगितलं न्हवतं जल्मात. मी म्हटलं, मला काय सांगतासा, मी काय जेवायला येणार हाय? तेवढंच बोललो बघा."

बाईंनी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही, पण बाजूलाही सारला नाही.

आम्ही उठलो. चपला घालत होतो तेव्हा आतून तिचा आवाज आला. "पुढल्या शुक्रवारी या."

बाई वळल्या. "येतो की."

"अजून हाय माझं बोलायचं."

रस्त्याला लागल्यावर मी बाईंना विचारलं, खरंच घरी बसवलं असतं तर? "म्हाईत न्हाय," म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

शुक्रवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या.